कानातला खडा

पहाटे आईनं कूस बदलली
आणि घर उलटं झालं.
तुळई खिडकीकडे, खिडकी चुलीकडे,
भिंतीवरचा गालिचा भोवऱ्यासारखा.
पलंगावरून ती खाली आली.
पलंग दीड हाताचा.
जिनं ओढ्यावर ताणलेल्या दोरीवर
सख्खा भाऊ खांद्यावर उभा करून
फेऱ्या मारल्या बारा वर्षं,
ती बारियत, दीड हातावरून.

दागेस्तानात आमच्या त्या उंचीवर
सपाट जागा फक्त मशिदीपुढं.
पोरं दोरीवर चालायची, कारण
दुसरीकडे कुठं चालणार?
मग घाझीमामा पडला एका लग्नात, अठ्ठ्याऐंशी साली,
आणि आईनं कानाला खडा लावला.
तिच्या तोलकाठीवर आता घोंगड्या वाळतात.

पंधरा दिवस आम्ही कानाडोळा केला.
शेजारीण म्हणाली नजर, मावशी म्हणाली रक्तदाब.
आई भिंत धरून मोरीपर्यंत जायची
आणि कुणी बघतंय का ते बघायची.

मखाचकलाला मामाच घेऊन गेला, त्याच्या मिनीबसमधून.
लंगडा पाय, पण ब्रेक अलगद दाबतो.
आई डोळे मिटून, पिशवी तोंडाशी,
दर वळणाला म्हणायची,
"हळू रे. रस्ता माझ्याआधी वळतोय."

डॉक्टर इल्यास काझीयेविच बोलायला कंजूस.
तिचं डोकं उजवीकडे वळवलं
आणि झटकन तिला मागं आडवं केलं,
मान टेबलाबाहेर लोंबती.
आईचे डोळे फडफडू लागले,
गोल, तिरपे, एकाच बाजूला ओढले जात,
जणू खोली पळतेय आणि ते तिला पकडतायत.
"हं," ते म्हणाले. "खडा सुटलाय."

मग कागदावर काढल्या तीन अर्ध्या बांगड्या,
एक आडवी, दोन उभ्या, एकमेकींना काटकोनात.
आत पाणी. मान वळली की पाणी मागं रेंगाळतं,
त्या रेंगाळण्यावरून मेंदूला कळतं आपण वळलो.
शेजारी एक चिकट गादी,
तिच्यावर चुन्याचे कण, धुळीहून बारीक,
खाली कुठं आणि वर कुठं, ते सांगणारे.
त्यातला एखादा निसटून बांगडीत घरंगळतो,
पाण्याला ढोसत राहतो.
कान सांगतो, फिरतोयस.
डोळा बिचारा कानाचं ऐकतो.

"चुना?" आईनं विचारलं.
"आमच्या कड्याचा आहे तसाच?"
"तसाच," डॉक्टर म्हणाले,
आणि पहिल्यांदा हसले.

पुन्हा आडवी. वाट बघ.
डोकं डावीकडे. वाट बघ.
कुशीवर, नाक जमिनीकडे. गरगर आली तरी हलू नकोस.
मी मनात आकडे मोजत होते.
आईचा चेहरा पांढरा, ओठ घट्ट,
आणि पायमोज्यातली बोटं वळलेली,
टेबलाच्या कडेवर नसलेली दोरी धरून.
मग बसवलं. खोली थांबली.
एवढंच. गोळी नाही, सुई नाही.
कण आला त्या वाटेनं बाहेर.

"कुठं गेला?" तिनं विचारलं.
"घरी. किंवा विरघळेल."
हे तिला फारसं पटलं नाही.

परतताना ती पुढं बसली, मामाशेजारी.
तेहतीस वळणं. पिशवी घडी करून मांडीवर.
घाट संपत आला तेव्हा म्हणाली,
"सुटतो कधी? म्हातारपणीच?"
मी म्हटलं, "डोक्याला मार लागला तरी सुटतो.
कधी काहीच कारण नसतं."
"तरुणपणीसुद्धा?"
"सुद्धा."

बराच वेळ फक्त इंजिन.
"घाझी," ती म्हणाली, "त्या दिवशी
दोरी डावीकडे गेली होती की मी?"

मामानं गिअर बदलला.
"मी वर होतो," म्हणाला,
"मला फक्त डोंगर दिसत होता."